क्लुगेची ढकलगाडी आणि पोर्ट हॅलमचा महापौर

झाडाची पानं गोळा करायला शेजाऱ्याकडून ढकलगाडी मागून आणण्यात काही पाप आहे, असं मला आजही वाटत नाही. आमच्या अंगणात दोन मेपल आहेत. ऑक्टोबर लागला की दोन्ही झाडं वर्षभराचा राग माझ्यावर काढतात. एकोणीसशे अकरा साली तो राग जरा जास्तच होता आणि माझ्या टोपलीचा तळ गेला होता, म्हणून मी कुंपणावरून हाक मारली आणि कोनराड क्लुगेची एकचाकी ढकलगाडी मागितली. त्या वर्षी आमच्या पोर्ट हॅलम शहराला जो महापौर मिळाला, तो या फुटक्या टोपलीमुळे मिळाला. कुठल्याही इतिहासकाराला हे सापडणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी वाचनालयात सहाय्यक ग्रंथपाल होतो. नोंद केल्याशिवाय मला जेवण जात नाही.

क्लुगे आणि मी वीस वर्षांचे शेजारी. कालव्याच्या कोपऱ्यावर त्याचा बिअरचा गुत्ता आहे. मी त्याच्या गुत्त्यात जात नाही, तो माझ्या वाचनालयात येत नाही, त्यामुळे आमचे संबंध उत्तम. त्याचं वजन दोनशे ऐंशी पौंड. हा अंदाज नाही. धान्याच्या वखारीतल्या काट्यावर तो दर नाताळात चढतो आणि आकडा गुत्त्याच्या फळ्यावर लिहितो.

गाडी कुंपणावरून देताना तो म्हणाला की निवडणुकीच्या आत परत कर, कारण कॅव्हनो महापौर झाला की मिरवणुकीत बिअरची पिंपं वाहायला लागेल. मी म्हणालो की मग सावकाश परत करतो, कारण महापौर जज्ज डनहॅम होणार. आमचं पेटिबोन घराणं तीन पिढ्या रिपब्लिकन आहे आणि क्लुगेचं घराणं बोटीतून उतरल्या दिवसापासून डेमोक्रॅट. त्या दोघा उमेदवारांपैकी एकाचंही तोंड आम्ही जवळून पाहिलेलं नव्हतं, पण भांडायला तोंड पाहावं लागतं असं थोडंच आहे. पाच मिनिटांत प्रकरण पैजेवर आलं.

आता आमच्याकडे निवडणुकीवर पैसे लावणं हलकेपणाचं समजतात. सभ्य माणूस अब्रू लावतो. मागच्या निवडणुकीत हरलेला न्हावी महिनाभर अर्ध्या मिशीने फिरला आणि प्रेतपेट्या विकणारे मिस्टर बॅब्कॉक खेचरावर उलटे बसून चर्चला गेले. क्लुगे म्हणाला, हरलेल्याने जिंकलेल्याला याच गाडीत बसवून मेन स्ट्रीटवरून ढकलत न्यावं. मी हो म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी म्हणालो, थांब, हे नीट कागदावर घेऊ.

मसुदा लिहिणं हा माझा हातखंडा. वाचनालयाच्या दंडाचे नियम मीच लिहिलेले आहेत आणि त्यातून आजवर एकही वाचक सुटलेला नाही. मी घरात जाऊन शाई-कागद आणला आणि लिहिलं: ज्याचा उमेदवार पराभूत होईल, त्याने दुसऱ्यास सदर गाडीत बसवून सरोवराच्या धक्क्यापासून नगरभवनाच्या पायऱ्यांपर्यंत दिवसाढवळ्या ढकलत न्यावे, आजार, हवामान, पत्नीचा विरोध वा अन्य कोणतीही सबब चालणार नाही. क्लुगेने न वाचता सही केली. मी तीनदा वाचून केली. एकही पळवाट राहिली नाही याचा मला फार आनंद झाला होता.

क्लुगेने तो कागद गुत्त्यात नेऊन भिंतीवर लावला, तोही एका जुन्या चौकटीशेजारी. त्या चौकटीची हकीकत इथेच सांगायला हवी. आमचे मुख्य ग्रंथपाल, म्हणजे माझे वरिष्ठ, मिस्टर इझिकिएल हूपर. वय एकाहत्तर, कानाने मंद, स्वभावाने देवमाणूस, आणि दर दोन वर्षांनी दारूबंदी पक्षातर्फे महापौरपदाचे उमेदवार. ज्या शहरात बिअर गाळणाऱ्या चार ब्रूअरी आणि एकशे सहा गुत्ते, तिथे दारूबंदीला मतं पडून पडून किती पडणार? हूपरसाहेबांना मागच्या खेपेला एकशे बारा पडली होती आणि ती वाढ समजली गेली. अठरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते क्लुगेच्या दारात उभे राहून भाषण करत होते. क्लुगे आतून म्हणाला, म्हातारबुवा, जी चीज कधी जिभेला लावली नाही तिच्याबद्दल तुम्हाला काय कळणार? त्यावर हूपरसाहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं की हे शहर मला महापौर करेल त्या दिवशी मी नगरभवनाच्या पायऱ्यांवर उभा राहून एक पूर्ण मग बिअर पिईन. क्लुगेने तो कागद चौकटीत घातला, खाली खिळ्याला एक मग टांगला, आणि अठरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवून हसवलं. त्या मगातून कुणालाही प्यायला देत नसे.

तर माझा कागद त्या चौकटीशेजारी लागला, आणि तिसऱ्या दिवशी तो शब्दशः वर्तमानपत्रात आला. ‘पैज कशी लिहावी’ असा मथळा. मी त्या अंकाच्या चार प्रती विकत घेतल्या. गावात जो तो म्हणू लागला की वा, पेटिबोन, काय लिहिलंय, आणि जो तो मसुदा उतरवून त्यावर आपापली बेअब्रू भरू लागला. कुणी बायकोचा झगा घालून दूध घालायला जाणार होतं, कुणी ट्रामच्या रुळांवरून शेळी हाकणार होतं. पोर्ट हॅलममध्ये त्या वर्षी जितक्या पैजा लागल्या तितक्या कधीच लागल्या नव्हत्या, आणि सगळ्या माझ्या भाषेत.

मग सल्ले सुरू झाले. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेला माणूस पुस्तक बाजूला ठेवून माझे दंड चाचपू लागला. बॅब्कॉक म्हणाले, जोर हातांनी लावायचा नाही, गुडघ्यांनी लावायचा. आणि वजन उचलण्याच्या बाबतीत त्यांचा अनुभव मोठा. न्हाव्याने चाकाला हंसाची चरबी सुचवली. चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या की तोंडाने संथ लयीत भजन म्हणत ढकललं तर श्वास पुरतो. एकानेही असं म्हटलं नाही की कदाचित डनहॅम जिंकेल आणि क्लुगे तुम्हाला ढकलेल.

मी अंगणात सराव करायचं ठरवलं. वजन हवं म्हणून माझी बायको मिनर्व्हा गाडीत बसली. तिने बसायला अट घातली की तिचं वाचन चालू राहील. ती स्त्रियांच्या मताधिकाराचं मासिक वाचत होती, मी ढकलत होतो, आणि कोबीच्या वाफ्याजवळ वळण घेताना चाक रुतलं. ती कोबीत पडली. तिने मासिक शोधलं, पान शोधलं, आणि म्हणाली, “मिस्टर पेटिबोन, ज्यांना निवडणुकीचं गांभीर्य कळतं म्हणून मत मिळालं आहे, त्यांच्यापैकीच तुम्ही ना?” एरवी ती मला ओरिन म्हणते. मिस्टर पेटिबोन झालो की त्या रात्री जेवणावर गोड ‘ॲपल पाय’ मिळत नाही. मिळाला नाही.

हे सगळं मी हसून नेलं असतं. पण बुधवारी मिस्टर लेव्हरेट स्प्रेग वाचनालयात आले. स्प्रेग म्हणजे वाचनालय समितीचे अध्यक्ष. समितीत तीन माणसं आहेत, पण स्प्रेग मान हलवतात तिकडे बाकीची दोन हलवतात. हूपरसाहेब डोळ्यांमुळे नववर्षापासून निवृत्त होणार होते, आणि त्यांची खुर्ची मला मिळणार हे सोळा वर्षं गृहीत होतं. सोळा वर्षं मी त्या खुर्चीची धूळ रोज सकाळी स्वतः पुसत आलो होतो. तिच्यावर कधी बसलो नाही. खोटं कशाला बोलू, एकदा बसलो होतो.

स्प्रेगनी वर्तमानपत्राचा तो अंक माझ्या टेबलावर दोन बोटांनी ठेवला.

“सहाय्यक ग्रंथपाल भर रस्त्यात ढकलगाडी ढकलू शकतो, पेटिबोन,” ते म्हणाले. “ग्रंथपाल नाही.”

“आणि मी जिंकलो, साहेब? गाडीत नुसता बसलो तर?”

त्यांनी खरोखर विचार केला. “बसलेला ग्रंथपाल त्याहून वाईट दिसेल.”

जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की असले थिल्लर प्रकार वाढले तर एक दिवस बायकासुद्धा मतदानाचा हक्क मागतील आणि मग निवडणुकीचा पोरखेळ होईल. मी मान डोलावली. त्या क्षणी स्प्रेग पृथ्वी चौकोनी आहे म्हणाले असते तरी मी डोलावली असती.

मी थेट क्लुगेकडे गेलो. तो म्हणाला की पैज मोडता येणार नाही, कारण आमच्या पैजेवर गुत्त्यात आणखी एक्केचाळीस पैजा लागल्या आहेत. “फार तर तू आत्ताच हरलो म्हण,” तो म्हणाला, “मग मी तुला निम्म्या रस्त्यात सोडतो.” पेटिबोन घराण्यात हरण्याआधी हरलो म्हणायची पद्धत नाही. मी परत आलो. येताना पाहिलं की क्लुगे दाराच्या पायरीवरून उतरताना उजवा गुडघा धरतो. हा जर मला ढकलू लागला तर बँकेच्या चढावर बसेल, हे मला दिसलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतंय याचा रागही आला.

मग मला वाटलं की सरकारच आपल्याला वाचवेल. मेन स्ट्रीटवर काहीही न्यायचं तर रस्तेखात्याचा परवाना लागतो. परवाना नाकारला की सुटलो. मी मोठ्या आशेने खिडकीपाशी गेलो. कारकुनाने विचारलं, गाडीत काय असेल? मी म्हणालो, मिस्टर क्लुगे. म्हणजे प्रवासी, तो म्हणाला, आणि त्याने वेगळा फॉर्म काढला. प्रवासी वाहनाला कंदील हवा, घंटा हवी, क्रमांकाची पाटी हवी. मी आनंदाने म्हणालो की यातलं काहीच नाही. तो म्हणाला की काळजी करू नका, तिन्ही वस्तू शेजारच्या खिडकीत मिळतात. पुढे घोडं अडलं ते चाकावर. नियमात लिहिलं होतं, ‘चाके दोन अथवा अधिक’. एका चाकाची सोय कुणी केलेली नव्हती. मी जवळजवळ टोपी उडवली. पण तो कारकून सज्जन होता. त्याने अर्धा तास जाडजूड पुस्तकं चाळली आणि घाम पुसत मला सांगितलं की महापौरांच्या खास सहीने परवाना देता येतो, आणि अर्ज मीच भरून ठेवतो. मावळते महापौर म्हणाले की निवडणुकीआधी मी गाडीच्या कुठल्याच बाजूला दिसणार नाही. म्हणजे सही नव्या महापौराची. मी कंदील, घंटा आणि पाटी घेऊन घरी आलो. मिनर्व्हाने पाटी वाचली. क्रमांक एक होता.

तर परिस्थिती अशी होती: कॅव्हनो जिंकला तर मी गाडीच्या मागे, डनहॅम जिंकला तर मी गाडीत, आणि दोन्हीकडून खुर्ची गेली. निवडणुकीच्या सकाळी दाढी करताना मला सुचलं की तिसरा उमेदवार जिंकला तर? तर ना मी जिंकलो ना क्लुगे, पैज आपोआप रद्द. अर्थात हूपरसाहेब जिंकणार नव्हते. पण माझं एक मत त्यांना पडलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? शिवाय ते माझे वरिष्ठ. सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली राहून त्यांना एक मत देऊ नये, हा कृतघ्नपणाच नव्हता का? अशी मी माझी समजूत घातली आणि ती चटकन पटली.

आमचं मतदान न्हाव्याच्या दुकानात असतं. पडद्याआड मी हूपरसाहेबांच्या नावापुढे फुली मारली. तीन पिढ्यांचे पेटिबोन पाठीशी उभे राहून वाकून बघताहेत असं वाटत होतं. बाहेर आलो तो दारात क्लुगे. दरवर्षी मत देऊन आला की हा रस्त्याच्या मधोमध उभा राहून कॅव्हनोच्या नावाने आरोळी ठोकणारा माणूस. आज तो न्हाव्याच्या खांबावरचे पट्टे निरखत म्हणाला की हवा बरी आहे. मीही म्हणालो, बरी आहे. मागून बॅब्कॉक बाहेर पडले, टोपी कपाळावर ओढलेली. न्हावी तर स्वतःच्या दुकानातून चोरासारखा बाहेर आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं, ते फक्त माझ्याच मनात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि पहिल्यांदा छपाईची चूक समजलो. डनहॅम दोन हजार नऊशे चाळीस. कॅव्हनो दोन हजार आठशे सत्त्याण्णव. हूपर चार हजार तीनशे सहा.

हूपरसाहेब नेहमीसारखे आठच्या ठोक्याला वाचनालयात आले. हातात तोच अंक. डोळ्यांवर भरवसा नाही म्हणाले, मी वाचून दाखवावं. मी वाचलं. कान मंद म्हणून पुन्हा मोठ्याने वाचलं, मग आणखी मोठ्याने. त्या वाचनालयात मी आवाज चढवला तो आयुष्यात तेवढाच. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

“पेटिबोन,” ते म्हणाले, “अठरा वर्षं मला वाटत होतं की या गावात माझी पत्रकं कुणी वाचतच नाही.”

त्यांच्या पत्रकांचे गठ्ठे तळघरात उंदरांसाठी मीच रचले होते. मला इतकी शरम वाटली की मी जाऊन त्यांच्यासाठी कॉफी केली.

त्यातही एक समाधान होतं: पैज संपली. दुपारी क्लुगे वाचनालयात आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने हातातला कागद माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. ज्याचा उमेदवार पराभूत होईल, त्याने दुसऱ्यास. डनहॅम पराभूत. कॅव्हनोही पराभूत. मी त्याला ढकलायचं आणि त्याने मला. सबब चालणार नाही.

मी कागद उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. पळवाट कुठेच नव्हती. पण खरा हादरा संध्याकाळी बसला. गावातल्या सगळ्या पैजा माझ्याच मसुद्यावर लिहिलेल्या. दोन्हीकडचे सगळे हरले होते, म्हणून सगळ्यांनाच सगळं करायचं होतं. घरी जाताना न्हाव्याने माझ्याकडे पाहून वस्तऱ्याला जरा जास्तच धार लावली. बॅब्कॉक म्हणाले की तुम्ही मोठे लेखक आहात, पेटिबोन. ते कौतुक नव्हतं.

मावळते महापौर संधिवात घेऊन फ्लॉरिडाला निघून गेले होते, म्हणून परवान्यासाठी एक जानेवारी उजाडावी लागली. मी नव्या महापौरांपुढे अर्ज ठेवला. मनात म्हटलं, हा माणूस कनवाळू आहे, नाकारेल. हूपरसाहेबांनी अर्ज वाचला आणि सही केली. येत्या शनिवारी गावातल्या सगळ्यांनी आपापला शब्द पाळावा, असं त्यांनी खाली लिहिलं. मग विचारलं, “क्लुगेकडे तो मग अजून आहे का?”

शनिवारी थंडी कडाक्याची. सरोवरावरून वारा सुटलेला, रस्त्यावर बर्फाचा पातळ थर. धक्क्यावर क्लुगे गाडीत बसला. त्याने मांडीवर तो मग घेतला होता, कारण महापौरांचा निरोप आला होता. कंदील लावला, घंटा बांधली, पाटी लटकवली. मी दांडे उचलले. सोळा वर्षांची खुर्ची त्या दांड्यांबरोबर हातातून निसटली असं मला वाटलं, आणि मी ढकलायला लागलो.

पहिली पन्नास पावलं मी मान वर केली नाही. मग केली, आणि पाहिलं की आमच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढे न्हावी शेळी हाकत होता आणि शेळी त्याला हाकत होती. उजवीकडे दोन वकील एकमेकांना पाठुंगळीला घेण्याचा क्रम ठरवत होते. बॅब्कॉक या वेळी खेचराला स्वतःच्या पाठीवर घ्यायच्या बेतात होते, पण खेचर पैजेत सामील नव्हतं. मेन स्ट्रीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पुरुष नुसता उभा नव्हता. बघायला उरल्या होत्या त्या फक्त बायका. मत नाही म्हणून पैज नाही, पैज नाही म्हणून बेअब्रू नाही. दोन्ही फुटपाथांवर त्या उबदार कोट घालून उभ्या होत्या, आणि माझी मिनर्व्हा मताधिकाराचा अर्ज घेऊन सह्या गोळा करत फिरत होती.

बँकेच्या चढावर माझा दम संपला. चाक घसरलं, मी वाकून दांडे सावरले, आणि माझ्या बुटापाशी काहीतरी हललं. एक गृहस्थ गुडघ्यांवर रांगत, तोंडात दातकोरणी धरून, तिच्या टोकाने एक शेंगदाणा नगरभवनाकडे लोटत होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण पैज फिटते. त्यांनी वर पाहिलं. लेव्हरेट स्प्रेग होते. मी खाली पाहिलं. आम्ही दोघेही सभ्य माणसं. एकमेकांना दिसलो नाही.

दाणा नेमका मिनर्व्हाच्या झग्याच्या काठापाशी अडला होता. ती बाजूला झाली नाही. तिने वाकून त्यांच्यापुढे अर्ज आणि पेन्सिल धरली.

“सावकाश वाचा, मिस्टर स्प्रेग,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”

त्यांनी न वाचता सही केली.

नगरभवनाच्या पायऱ्यांवर हूपरसाहेब उघड्या डोक्याने उभे होते. क्लुगे गाडीतून उतरला, त्याने तो मग बिअरने भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. रस्ताभर जो तो जिथे होता तिथे थांबला. शेळीसुद्धा थांबली. एकाहत्तर वर्षांचा तो म्हातारा मग तोंडाला लावून एका दमात, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. क्लुगेच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांचं हसू फुटायच्या बेतात होतं. हूपरसाहेबांनी मिशी पुसली आणि रिकामा मग उलटा करून सगळ्यांना दाखवला.

“अठरा वर्षं मला ऐकवलं गेलं की चव घेतल्याशिवाय बोलू नका,” ते म्हणाले. “आता चव घेतली. उद्या रविवार. राज्याच्या कायद्याने रविवारी गुत्ते बंद हवेत, आणि उद्यापासून दर रविवारी ते या शहरात बंद राहतील. हा तुमचा मग, मिस्टर क्लुगे. धन्यवाद.”

धक्क्यावरून दुसऱ्या फेरीला मी गाडीत होतो आणि क्लुगे मागे. तो लंगडत होता, म्हणून मी एक पाय जमिनीवर ठेवून मदत करत होतो. हे मसुद्यात बसत नाही, म्हणून कुणाला सांगू नये. पाऊण रस्ता सरला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि त्यामुळेच तो बोलला असावा.

“पेटिबोन, मी हूपरला फक्त एकच मत दिलं होतं रे. गुडघ्यामुळे.”

“मीपण एकच दिलं, कोनराड,” मी म्हणालो.

एकशे सहा गुत्त्यांच्या मालकांनीही पैज चुकवायला असंच एकेक मत देऊन आपले रविवार घालवले का, हे विचारायची गरज उरली नव्हती.

सोमवारी समिती बसली. स्प्रेग जरा जपून बसले, गुडघे न वाकवता. त्यांनी सांगितलं की ग्रंथपालाला सार्वजनिक जीवनाचा काही अनुभव असणं चांगलं, आणि बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. मी ती खुर्ची पुसली आणि तिच्यावर बसलो. हूपरसाहेबांची पत्रकं तळघरातून वर आणून दाराशी मांडली. तेवढं मी त्यांचं देणं लागत होतो. अधूनमधून कुणीतरी उचलतंही.

गावात कुणालाही विचारा, हूपरना मत दिलेला माणूस सापडणार नाही. क्लुगे आता दर रविवारी दुपारी आमच्या अंगणात येतो, कारण त्याला दुसरं काही काम नसतं. ढकलगाडीत बसतो आणि मिनर्व्हाने केलेली कॉफी पितो. पहिल्याच रविवारी तिने कॉफीबरोबर तो अर्ज आणला होता, आणि आम्ही दोघांनी मुकाट्याने सही केली. गाडी अजून माझ्याकडेच आहे. परत ने म्हटलं की तो विषय बदलतो.